यूसुफचे तीन सदरे

रमजानच्या रात्री मशिदीत तरावीहची नमाज होते. महिनाभरात संपूर्ण कुरआन कानावर पडावे म्हणून बहुतेक ठिकाणी रोज एक किंवा सव्वा पारा पढला जातो. पहिला पंधरवडा संपत आला की सूरह यूसुफ येते. अरबी न कळणाऱ्यालाही ही कथा ठाऊक असते, कारण ती लहानपणी आजीच्या तोंडून ऐकलेली असते. ख्रिस्ती बांधव तिला योसेफची कथा म्हणून ओळखतात.

कथा थोडक्यात अशी. यूसुफ हा हजरत याकूब (अलैहिस्सलाम) यांचा लाडका मुलगा. भावांना त्याचा मत्सर वाटे. खेळायला म्हणून ते त्याला रानात घेऊन गेले आणि एका विहिरीत टाकून आले. रात्री रडत रडत घरी परतले. आम्ही शर्यत लावून पळत होतो, यूसुफ सामानापाशी बसला होता, त्याला लांडग्याने खाल्ले, असे त्यांनी सांगितले. पुरावा म्हणून रक्ताने माखलेला सदरा बापापुढे ठेवला. जुने भाष्यकार सांगतात, याकूबांनी सदरा उलटसुलट करून पाहिला. रक्त होते, पण सदरा कुठेही फाटलेला नव्हता. पोराला खाणारा लांडगा सदऱ्याला दातही लावत नाही, हे कसे? बापाने ती गोष्ट मानली नाही.

तिकडे एका तांड्याने यूसुफला विहिरीतून काढले, परमुलखात नेले आणि कवडीमोलाने विकले. तिथे खोट्या आळापायी तो तुरुंगात गेला आणि कित्येक वर्षे विसरला गेला. घरी बापाचे डोळे रडून रडून गेले.

परमुलखात कैदेत असलेला माणूस आणि त्याच्या घरी पोचवलेली खोटी हकिगत, हे फक्त त्या काळाचे दुःख नाही. आज पोटासाठी किंवा जीव वाचवण्यासाठी देश सोडलेली हजारो माणसे अशीच नाहीशी होतात. त्यांच्या आईबापांनाही एक गोष्ट सांगितली जाते. फक्त लांडग्याच्या जागी समुद्र असतो, नदी असते, वाळवंट असते. समुद्राने गिळले, असे सांगितले की विषय संपतो. नाव कुठे होते, कुणी अडवले, कुणी ढकलले, कुणी पाहिले, हे प्रश्न उरत नाहीत.

माणूस हरवणे वेगळे आणि माणसाला हरवून टाकणे वेगळे. हा फरक आंतरराष्ट्रीय कायद्याने फार मोठी किंमत मोजून शिकला. दुसऱ्या महायुद्धात, डिसेंबर १९४१ मध्ये, नाझी राजवटीने एक फर्मान काढले. ते ‘रात्र आणि धुके’ या नावाने ओळखले जाते. व्यापलेल्या देशांतील विरोधकांना गुपचूप उचलायचे आणि घरच्यांना काहीही कळू द्यायचे नाही, असा तो हुकूम होता. मारण्यापेक्षाही न सांगण्याची दहशत मोठी, हे त्यामागचे गणित. पुढे लॅटिन अमेरिकेतल्या लष्करी राजवटींनी तोच मार्ग धरला. अर्जेंटिनात १९७७ च्या एप्रिलमध्ये काही आया राजधानीतल्या चौकात जमल्या आणि आमची मुले कुठे आहेत, एवढेच विचारू लागल्या. डोक्याला पांढरा रुमाल बांधून दर गुरुवारी त्या चौकाला फेऱ्या घालत राहिल्या. अशा आयांच्या चिकाटीमुळे १९८० मध्ये संयुक्त राष्ट्रांनी बेपत्ता व्यक्तींसाठी कार्यगट नेमला आणि २० डिसेंबर २००६ रोजी सक्तीने बेपत्ता करण्याविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार संमत झाला. तो २३ डिसेंबर २०१० पासून अमलात आहे.

या करारातली व्याख्या तीन गोष्टींवर उभी आहे. एक, माणसाचे स्वातंत्र्य हिरावले गेले पाहिजे. अटक असो, कैद असो की अपहरण. दोन, ते सरकारच्या माणसांनी केलेले असावे, किंवा सरकारच्या परवानगीने, पाठिंब्याने अथवा मूक संमतीने इतर कुणी केलेले असावे. तीन, नंतर ‘आमच्याकडे नाही’ म्हणून हात झटकले जावेत, किंवा त्याचे काय झाले ते दडवले जावे. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की माणूस कायद्याच्या छपराबाहेर फेकला जातो. युद्ध, आणीबाणी, अंतर्गत अशांतता, काहीही कारण सांगून याचे समर्थन करता येत नाही, असे करार पहिल्याच कलमात बजावतो.

म्हणजे बुडालेला प्रत्येक स्थलांतरित या व्याख्येत बसत नाही. वादळात नाव उलटली तर ती दुर्घटना असू शकते. पण दुर्घटना की आणखी काही, हे ठरवण्यासाठीसुद्धा सदरा तपासावा लागतो. तो तपासायचा नाही असे कुणी ठरवले तर संशय तिथूनच सुरू होतो.

संयुक्त राष्ट्रांच्या परिवारातली आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना २०१४ पासून वाटेत मेलेल्या आणि बेपत्ता झालेल्या स्थलांतरितांची मोजणी ठेवते. पहिल्या दहा वर्षांत तिच्या नोंदीत ६३ हजारांहून अधिक माणसे आली. त्यांतली सुमारे २८ हजार एकट्या भूमध्य समुद्रातली. ज्यांच्या मृत्यूची नोंद झाली, त्यांतल्या दोन तृतीयांशांहून अधिक लोकांची ओळखच पटलेली नाही. २०२४ या एका वर्षात हा आकडा ८,९०० च्या पुढे गेला, मोजणी सुरू झाल्यापासूनचा सर्वांत मोठा. आणि ही फक्त कळलेली नावे. ज्या नावेची बातमीच किनाऱ्याला लागली नाही, ती या हिशेबात नाही.

स्थलांतरिताला नाहीसे करणे सोपे असते. त्याच्याजवळ कागद नसतात, असले तर दलालाने काढून घेतलेले असतात. पकडणाऱ्याने आधी फोन हिसकावला की घराशी दुवा तुटतो. आईबाप हजारो मैलांवर, वेगळ्या देशात, वेगळ्या भाषेत. तक्रार कुठे करायची? आपल्या गावच्या ठाण्यात गेले तर घटना आमच्या हद्दीतली नाही, असे उत्तर मिळते. जिथे घटना घडली तिथे जायला व्हिसा मिळत नाही. आणि मुलगा चोरवाटेने गेला होता हे उघड करायचीही भीती वाटते. त्यामुळे तक्रारच होत नाही. तक्रार नाही म्हणून तपास नाही. तपास नाही म्हणून कुणी दोषी नाही.

जून २०२३ मध्ये ग्रीसच्या पायलॉसजवळ समुद्रात एक जुनी मासेमारी बोट बुडाली. तिच्यावर साधारण साडेसातशे माणसे असावीत असा अंदाज आहे. पाकिस्तान, सीरिया आणि इजिप्त या देशांतली बहुसंख्य. १०४ जण वाचले, ८२ मृतदेह हाती आले, बाकी सगळे पाण्याखाली राहिले. तटरक्षक दलाची बोट त्या वेळी शेजारी होती. तटरक्षकांनी दोर बांधून ओढल्यामुळे बोट उलटली, असे वाचलेल्यांपैकी अनेकांनी सांगितले. ग्रीक यंत्रणांनी ते नाकारले. २०२५ मध्ये मात्र तटरक्षक दलाच्या अधिकाऱ्यांवर आरोप ठेवले गेले. निकाल जो लागायचा तो न्यायालयात लागेल. पण समुद्राने गिळले, एवढ्यावर त्या आईबापांनी समाधान मानले असते, तर इथवरही गोष्ट आली नसती.

सूरह यूसुफमध्ये आणखी एक सदरा आहे. परमुलखात ज्याच्या घरी यूसुफ राहत होते, त्या घराच्या मालकिणीने त्यांच्यावर आळ घेतला. तेव्हा एका साक्षीदाराने सदरा पाहायला सांगितले. समोरून फाटला असेल तर आरोप खरा, मागून फाटला असेल तर यूसुफ खरे. सदरा मागून फाटलेला निघाला. निर्दोषपणा सिद्ध झाला. तरीही मोठ्या घरची अब्रू झाकण्यासाठी त्यांना तुरुंगात टाकले गेले. पुरावा असूनही न्याय मिळेलच असे नाही, आणि पुरावाच नसेल तर मग विचारायलाच नको. आजच्या सरहद्दीवर हेच चालते.

ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यामधून एव्रोस नदी वाहते. ती ओलांडून आलेल्यांना पकडायचे, अज्ञात जागी डांबायचे, फोन काढून घ्यायचे आणि अंधारात रबरी नावेत बसवून पलीकडे सोडायचे, अशा तक्रारी वर्षानुवर्षे होत होत्या. ग्रीक सरकार दर वेळी नकार देत आले. ७ जानेवारी २०२५ रोजी युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने एका तुर्की स्त्रीच्या अर्जावर निकाल दिला. मायदेशात शिक्षा झालेली ही स्त्री आश्रय मागायला मे २०१९ मध्ये नदी ओलांडून ग्रीसमध्ये आली होती. तिचे ऐकून न घेता तिला डांबून परत लोटले गेले आणि तिकडे तिची रवानगी तुरुंगात झाली. न्यायालयाने तिची बाजू मान्य केली. त्या काळात एव्रोस भागातून लोकांना असे परत लोटण्याची पद्धतच पडली होती, याचे ठोस संकेत आहेत, असे न्यायालयाने नोंदवले आणि वीस हजार युरो भरपाई द्यायला सांगितले.

त्याच दिवशी दुसऱ्या एका अर्जाचा निर्णय झाला. अर्जदार एक अफगाण मुलगा, घटनेच्या वेळी पंधरा वर्षांचा. आपण सामोस बेटावर पोचलो होतो, तिथून आपल्याला पकडून समुद्रात सोडून दिले, असे त्याचे म्हणणे. पण बेटावर असल्याचा पुरेसा पुरावा तो देऊ शकला नाही आणि त्याचा अर्ज दाखल करून घेतला गेला नाही. एकीच्या हाती सदरा होता, दुसऱ्याच्या नव्हता. ज्याच्या अंगावरचे सगळे काढून घेतात, त्याने पुरावा कुठून आणायचा, हा प्रश्न त्या दिवशी उत्तराविना राहिला.

सक्तीने बेपत्ता करण्याविरुद्धच्या कराराची एक समिती आहे. तिने २०२३ मध्ये आपले पहिले सर्वसाधारण भाष्य प्रसिद्ध केले, आणि ते याच विषयावर आहे: स्थलांतर आणि सक्तीने बेपत्ता करणे. पहिल्याच भाष्यासाठी हा विषय निवडला गेला, यावरून त्याचे गांभीर्य कळते. पकडलेल्या माणसाचा ठावठिकाणा दडवून त्याला सरहद्दीपलीकडे लोटणे, हेसुद्धा सक्तीने बेपत्ता करणे ठरू शकते, असे समिती सांगते. माणसाच्या हाती कागद आहे की नाही, याने काही बिघडत नाही. गुप्त कैद कुठल्याही नावाने चालणार नाही. ताब्यात घेतलेल्या प्रत्येकाची नोंद हवी, घरच्यांशी बोलू दिले पाहिजे. बेपत्ता झाल्याचे कळताच शोध सुरू झाला पाहिजे आणि एका देशाने दुसऱ्याला मदत केली पाहिजे. दूरदेशी बसलेल्या आईलाही तक्रार करता आली पाहिजे.

पळवणारे सरकारी नसतील, गुन्हेगार असतील तर? करार तेव्हाही राज्याची सुटका करत नाही. तपास करणे आणि दोषींना शिक्षा करणे त्याच्यावर बंधनकारक आहे. हे कलम किती गरजेचे आहे ते मेक्सिकोत दिसले. ऑगस्ट २०१० मध्ये तिथल्या सॅन फर्नांडोजवळ एका टोळीने अमेरिकेकडे निघालेल्या ७२ स्थलांतरितांना ठार केले. मध्य अमेरिकेतल्या आया तेव्हापासून नव्हे, त्याच्याही आधीपासून मुलांच्या तसबिरी गळ्यात अडकवून मेक्सिकोभर काफिला काढतात. तुरुंग, रुग्णालये, शवागारे पालथी घालतात. काहींची मुले त्यांना जिवंत सापडलीही आहेत.

आलेल्याचे ऐकून घेतल्याशिवाय त्याला परत धाडायचे नाही, हे तत्त्व आजच्या कराराच्या सोळाव्या कलमात आहे. बेपत्ता केले जाण्याचा धोका असेल तिथे कुणालाही पाठवू नये, असे ते सांगते. मुसलमानांना हे तत्त्व नवीन वाटू नये. मक्केतल्या छळाला कंटाळून पैगंबरांचे काही अनुयायी इसवी सन ६१५ च्या सुमारास समुद्र ओलांडून हबशाला, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूला गेले. मक्केच्या सरदारांनी मागोमाग वकील पाठवले, दरबाऱ्यांना नजराणे दिले आणि पळून आलेली माणसे परत मागितली. दरबारी तयार झाले. पण ख्रिस्ती राजा नजाशी म्हणाला, त्यांचे ऐकल्याशिवाय सोपवणार नाही. त्याने दोन्ही बाजू ऐकल्या आणि आश्रितांना ठेवून घेतले. पुढे नजाशी वारल्याची बातमी आली तेव्हा पैगंबरांनी मदिनेत त्याच्यासाठी जनाज्याची नमाज पढली. देह समोर नसताना पढलेली ती नमाज. कोकणातल्या शाफई मुसलमानांत गायबाना जनाज्याची रीत आहे, तिचा आधार ही घटना आहे.

पण गायबाना जनाजा पढायलाही माणूस गेल्याची खात्री लागते. बेपत्ता माणसाच्या घरचे खरे दुःख इथे आहे. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या माणसे जहाजावर आणि आखातात गेली आहेत. पत्र येईना झाले की त्या घरात काय होते, हे तिथल्या बायकांना वेगळे सांगावे लागत नाही. इस्लामी धर्मशास्त्रात अशा माणसाला ‘मफकूद’ म्हणतात. तो जिवंत धरायचा की मृत? बायकोने वाट किती पाहायची? जमीन कुणाच्या नावावर करायची? हनफी पंथाची जुनी मते पाहिली तर बाईचे आयुष्यच वाट पाहण्यात जाईल. मालिकी पंथ चार वर्षांची मुदत सांगतो. भारतात स्त्रियांची कुचंबणा पाहून उलेमांनीच मालिकी मताचा आधार घेतला आणि १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात तरतूद आली: चार वर्षे नवऱ्याचा ठावठिकाणा लागला नाही तर बायकोला न्यायालयातून मोकळे होता येते.

हिंदू घरांतही या प्रश्नाला वाट काढलेली आहे. बारा वर्षे वाट पाहायची आणि मग पळसाच्या पानांची आकृती करून तिला अग्नी द्यायचा. हाच पालाशविधी. देशाच्या पुराव्याच्या कायद्यात सात वर्षांचे गृहीतक आहे. मुदती वेगळ्या, पण कळलेली गोष्ट एकच: अर्धवट राहिलेला मृत्यू घरच्यांना जगू देत नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी कपाळाचे कुंकू पुसले नाही, हे मराठी घराघरांत सांगितले जाते. त्या अनिश्चिततेवर पुढे तोतया भाऊ उभा राहिला आणि त्याने पेशवाईला हैराण केले. खरी बातमी मिळाली नाही की खोट्याला जागा मिळते. आजही बेपत्ता मुलांच्या घरी फोन येतात, तुमचा मुलगा अमक्या तुरुंगात आहे, इतके पैसे पाठवा. आईबाप शेत विकून पाठवतात.

म्हणूनच कराराचे चोविसावे कलम मोलाचे आहे. बेपत्ता केलेला माणूसच नव्हे, तर त्यामुळे ज्यांना थेट झळ पोचली ते नातेवाईकही पीडित आहेत, असे ते मानते. सत्य जाणून घेण्याचा त्यांचा हक्क ते लिहून ठेवते. मालमत्ता आणि कुटुंबविषयक कायद्यातले त्यांचे अडलेले प्रश्न सोडवायची जबाबदारी ते राज्यावर टाकते.

सूरहच्या शेवटी तिसरा सदरा येतो. यूसुफ आता मिसरच्या दरबारात मोठ्या पदावर आहेत. ते भावांना क्षमा करतात आणि आपला सदरा देऊन घरी पाठवतात. तो सदरा बापाच्या चेहऱ्यावर ठेवताच याकूबांची दृष्टी परत येते. पहिल्या सदऱ्याने खोटी बातमी आणली होती, तिसऱ्याने खरी आणली.

असे तिसरे सदरे शोधणारी माणसे आजही आहेत. १८ एप्रिल २०१५ रोजी लिबियाहून निघालेली एक बोट भूमध्य समुद्रात बुडाली. फक्त २८ जण वाचले. इटलीने पुढच्या वर्षी ती बोट सुमारे ३७० मीटर खोलीवरून वर काढली. मिलानच्या न्यायवैद्यकतज्ज्ञ क्रिस्तिना कात्तानेओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेकडो देह तपासले. मालीच्या एका साधारण चौदा वर्षांच्या मुलाच्या कपड्यांत काहीतरी शिवलेले हाताला लागले. उसवून पाहिले तर शाळेचे प्रगतिपुस्तक निघाले, नीट घडी घातलेले. परक्या देशात गेल्यावर आपण हुशार आहोत हे दाखवायला त्याने ते जपून आणले होते. इतर काहींच्या खिशात आपल्या गावच्या मातीची पुरचुंडी सापडली. एव्रोस भागातल्या अलेक्झांड्रोपोलिसच्या रुग्णालयात नदीतून काढलेल्या देहांवरच्या अंगठ्या, माळा, फोन वेगवेगळ्या पाकिटांत जपून ठेवले जातात. एखाद्या दिवशी कुणाची आई येईल आणि अंगठी ओळखेल, म्हणून. जवळच्या सिदिरो या मुसलमानांच्या गावात ओळख न पटलेल्यांचे दफनही झाले आहे. हे करता येते, हे या सगळ्यांनी दाखवून दिले आहे. ज्या राज्यांना ते जमत नाही, त्यांची अडचण साधनांची नसून इच्छेची आहे.

भारताने हे दुःख अगदी जवळून पाहिले आहे. जून २०१४ मध्ये इराकमधल्या मोसुल शहरात बांधकामावर काम करणाऱ्या ४० भारतीयांना इस्लामिक स्टेटच्या दहशतवाद्यांनी पळवले. इस्लामचे नाव घेऊन गरीब मजुरांचा जीव घेणारी ती टोळी. पळवलेल्यांतले बहुतेक पंजाबचे. निसटून आलेला एकजण सांगत होता की बाकीचे मारले गेले. पण पुरावा हाती नव्हता आणि घरची माणसे चार वर्षे फोनकडे पाहत बसली. मोसुल मुक्त झाल्यावर बदुश गावाजवळच्या टेकाडात सामूहिक कबर सापडली. लांब केस, हातातली कडी, ओळखपत्रे मिळाली. डीएनए जुळले. २० मार्च २०१८ रोजी तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी राज्यसभेत उरलेल्या ३९ जणांच्या मृत्यूची घोषणा केली आणि एप्रिलमध्ये अवशेष मायदेशी आले. बातमी वाईटच होती. तरी हातातल्या कड्याने त्या घरांची वाट पाहणे संपवले.

परदेशातल्या आपल्या माणसासाठी जो हक्क मागायचा, तो इथे आलेल्या परक्यालाही द्यावा लागतो. भारताने २००७ मध्ये या करारावर सही केली, पण अजून तो मान्य करून स्वतःवर बंधनकारक केलेला नाही. शेजारच्या श्रीलंकेने २०१६ मध्ये आणि बांगलादेशाने २०२४ मध्ये तो स्वीकारला. करार नसला तरी राज्यघटना आहे. एकविसावे कलम जीविताचा आणि स्वातंत्र्याचा हक्क ‘नागरिकाला’ नव्हे, ‘व्यक्तीला’ देते, आणि अरुणाचल प्रदेशातल्या चकमा निर्वासितांच्या प्रकरणात १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो परकीयांनाही लागू केला. त्याच वर्षी डी. के. बसू प्रकरणात न्यायालयाने सांगितले, अटक केलेल्याच्या घरी कळवलेच पाहिजे.

असे असताना जून २०२५ मध्ये काय घडले? मुंबई-ठाणे परिसरात मजुरी करणाऱ्या पश्चिम बंगालच्या काही बंगालीभाषक मुसलमान कामगारांना बांगलादेशी असल्याच्या संशयावरून उचलले गेले, सीमेवर नेले गेले आणि पलीकडे ढकलले गेले. ते भारतीय होते. त्यांच्या राज्याच्या पोलिसांनी कागदपत्रे पुढे केली तेव्हा त्यांना परत आणावे लागले. ह्युमन राइट्स वॉच या संघटनेने बांगलादेशच्या सीमा दलाच्या हवाल्याने दिलेल्या माहितीनुसार ७ मे ते १५ जून २०२५ या काळात दीड हजारांहून अधिक जणांना असे पलीकडे धाडले गेले. परत आलेल्या कामगारांचा सदरा त्यांच्या गावात, दप्तरात सापडला. ज्यांच्यासाठी कुणी दप्तर उघडले नाही, त्यांचे काय?

यावर एक आक्षेप हमखास येतो. चोरवाटेने येणाऱ्यांना देशाने का ठेवून घ्यावे? आक्षेप गैर नाही. आपल्या सीमेवर पहारा ठेवण्याचा आणि बेकायदा आलेल्याला परत पाठवण्याचा अधिकार प्रत्येक देशाला आहे. कोणताही आंतरराष्ट्रीय करार तो काढून घेत नाही. प्रश्न रीतीचा आहे. परत पाठवायचे तर नोंद करून, म्हणणे ऐकून, घरच्यांना आणि त्याच्या देशाला कळवून, उजेडात पाठवावे. एवढे केले तर चूक झालीच तरी दुरुस्त करता येते. अंधारात, नोंद न ठेवता ढकलले तर आपलाच माणूस गेला, हेही कळायला मार्ग राहत नाही. चोरवाटेने येणे हा फार तर कायद्याचा भंग आहे. त्याला नाहीसे होण्याची शिक्षा जगातल्या कुठल्याच कायद्यात नाही.

रमजान हा जकातीचाही महिना. जकात कुणाला द्यायची, याचे आठ हक्कदार कुरआनने सांगितले आहेत. त्यांत वाटेत अडकलेला मुसाफिर आहे आणि बंधनातून सोडवायचा माणूसही आहे. मुसाफिर घरी सधन असला तरी वाटेत तो हक्कदार ठरतो, कारण परमुलखात प्रत्येकजण गरीबच असतो. शहरात बांधकामावर राबणाऱ्या, भाषा न येणाऱ्या परगावच्या मजुराकडे या नजरेने पाहायला कुठल्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. तो कुठल्या खोलीत राहतो, त्याच्या घरचा फोन नंबर काय, त्याला नेले तर कुणी आणि कुठे नेले, एवढे शेजाऱ्याला, मुकादमाला, मशिदीच्या जमातीला आणि गल्लीच्या मंडळाला ठाऊक असेल, तर त्याला गुपचूप नाहीसे करणे फार अवघड होते. राज्याकडून मागायचे तेही असेच साधे आहे: २००७ सालच्या सहीला मान देऊन करार पूर्णपणे स्वीकारावा आणि सीमेवर प्रत्येक माणसाची नोंद ठेवावी.

सूरह यूसुफमध्ये म्हाताऱ्या याकूबांनी मुलांना दिलेली एक आज्ञा आहे. जा, यूसुफचा आणि त्याच्या भावाचा शोध घ्या, आणि अल्लाहच्या कृपेची आशा सोडू नका. याकूबांचा सब्र सगळ्यांना आठवतो, पण त्यांनी पोरांना शोधायला पाठवले, हे सांगायचे राहून जाते. सब्र म्हणजे गप्प बसणे नव्हे, हे त्या आंधळ्या बापाला कळले होते. अर्जेंटिनाच्या चौकातल्या, मेक्सिकोच्या रस्त्यावरच्या, पंजाबच्या खेड्यातल्या आयांनाही ते कळले होते. यंदा तरावीहमध्ये ही सूरह कानावर पडेल तेव्हा ज्यांच्या घरी अजून तिसरा सदरा पोचलेला नाही, त्यांच्यासाठीही दुआला हात उठावेत.